तापलेला एक्सल आणि आपली अमानत

२२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्स्प्रेस जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान थांबली. चाकांजवळ ठिणग्या दिसल्या होत्या, आग लागल्याची ओरड झाली होती आणि साखळी ओढली गेली होती. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवले. किमान बारा जण दगावले. मृतांत नेपाळचे नागरिकही होते. डबा पेटलेला नव्हताच. ‘हॉट एक्सल’मुळे किंवा ब्रेक आवळून बसल्यामुळे ठिणग्या उडाल्या असाव्यात, असा प्राथमिक अंदाज रेल्वेने त्या दिवशी सांगितला.

‘हॉट एक्सल’ हा शब्द त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. नांदेड-लातूरच्या ट्रक ड्रायव्हरांना आणि मिस्त्रींना तो नवा नाही. हब तापला, लायनर जळाला, बेअरिंग जाम झाले, जोडीतला टायर बसला आणि गाडी पेटली, ही त्यांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. फरक एवढाच की रेल्वेचा एक्सल तापला तर देशभर चर्चा होते, चौकशी बसते. रस्त्यावरचा ट्रेलर जळाला तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात आणि जळालेला सांगाडा कित्येक दिवस कडेला पडून राहतो.

या चार ओळींच्या बातमीवर अग्रलेख लिहायचे कारण सरळ आहे. या गाड्या चालवणारे, त्यांना ग्रीस भरणारे, पंक्चर काढणारे, बॉडी बांधणारे हात मोठ्या संख्येने आपल्या मोहल्ल्यांतले आहेत. मुस्लिम कामगारांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे आणि रस्ते वाहतूक व वाहन दुरुस्ती या कामांत तो ठळकपणे दिसतो, याची नोंद सच्चर समितीने २००६ सालीच केली होती. नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्या, ‘घरात कोणी गाडीवर आहे का?’ असे विचारले तर होकार यायला वेळ लागत नाही. गाडी जळते तेव्हा आपल्यातल्या कोणाची तरी रोजी जळते आणि कधी कधी माणूसही जातो.

सपाट रस्त्यावर ब्रेक कसा तापतो?

ब्रेक तापणे ही घाटातली गोष्ट आहे, असा एक समज आहे. घाटात तो तापतोच. पुण्याच्या नवले पुलाजवळचा उतार त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. नंतरच्या तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असे समोर आले. डिझेल वाचवण्याची ही जुनी सवय आहे. इंजिन बंद झाले की गिअरची ओढ जाते, हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. त्याच उतारावर १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा मोठा अपघात झाला, कंटेनरांच्या मध्ये सापडलेल्या मोटारीसह वाहने पेटली आणि माणसे जळून मेली.

आपल्याकडे असे उतार थोडे. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर करत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि अकोल्याहून हिंगोली, नांदेड, देगलूरमार्गे तेलंगणात उतरणारा १६१ हे बहुतेक सपाट, सरळ रस्ते आहेत. तरीही गाड्या पेटतात. त्याची कारणे तीन आहेत आणि ती गाडीला हात न लावणाऱ्या तरुणानेही समजून घ्यावीत.

पहिले कारण घासत राहणारा ब्रेक. पाय उचलला तरी लायनर ड्रमपासून सुटत नाही. कधी परतीची स्प्रिंग ढिली झालेली असते, कधी कॅम शाफ्ट गंजलेला असतो, कधी स्लॅक अ‍ॅडजस्टर गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. कधी हवेची नळी झिरपत असते. मोठ्या गाडीचा हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो, म्हणून हवा कमी पडली की तो चालत्या गाडीतच अर्धवट लागू लागतो. मोटारीत असे झाले तर चालकाला ओढ लगेच जाणवते. चाळीस-पन्नास टनांच्या ट्रेलरला मात्र ताकदवान इंजिन ओढत असते. शेवटच्या एक्सलचे एक चाक तासभर घासत असले तरी केबिनमध्ये काही कळत नाही.

दुसरे कारण बेअरिंग. हबमधले ग्रीस जुने होते, सील फुटून ते बाहेर येते किंवा नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. बेअरिंग कोरडे फिरू लागते. आधी आवाज येतो, मग हब तापतो, शेवटी बेअरिंग वितळून जाम होते. मग चाक निखळून रस्त्यावर धावते किंवा उरलेले ग्रीस पेट घेते.

तिसरे कारण टायर. मागे दोन-दोन टायरांची जोडी असते. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही, कारण शेजारचा टायर भार उचलून धरतो. बसलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दुमडतो, शेजाऱ्याला घासतो आणि आतून तापत जातो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. त्यात वजन जास्त असेल तर विचारायलाच नको. २०१८ साली केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका एक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन आणि जोड एक्सलला १९ ऐवजी २१ टन भार चालू लागला. कागदावर मर्यादा वाढली, पण जुन्या गाडीचे लायनर, ड्रम आणि बेअरिंग होते तेच राहिले. त्या वाढीव मर्यादेवरही माल भरला जातो, हे काट्यावर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गाडी पळत असते तोवर वारा चाकाला थोडेफार गार ठेवतो. ढाब्यावर गाडी उभी राहिली की वारा थांबतो. मग ड्रममधली उष्णता रिमकडे आणि रिममधून टायरकडे सरकते. म्हणून अनेकदा गाडी थांबल्यावर काही मिनिटांनी पेटते, तेव्हा ड्रायव्हर जेवायला बसलेला असतो आणि क्लीनर केबिनमध्ये झोपलेला असतो. एकदा रबर पेटले की हवेच्या नळ्या वितळतात, हवा निघून जाते, स्प्रिंग ब्रेक घट्ट बसतात आणि गाडी जागची हलवता येत नाही. वर कापसाच्या गाठी, सरकी किंवा कडबा असेल तर उरले-सुरले काम तोच करतो.

आग लागण्याआधी ती सांगून येते

हे सगळे सांगण्यामागे एकच मुद्दा आहे. वीज पडावी तशी ही आग येत नाही. ती हळूहळू, आधी इशारे देत येते. रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. स्थानकातून गाडी न थांबता जाते तेव्हा हिरवा झेंडा घेऊन उभा असलेला कर्मचारी तिच्या चाकांकडेही बघत असतो, कुठे धूर, ठिणगी, लाल झालेले चाक दिसते का ते पाहतो. मोठ्या स्थानकांवर एक्सल बॉक्सचे तापमान तपासले जाते.

अमेरिकेत हे काम रुळालगत बसवलेली यंत्रे करतात, आणि तिथे घडलेल्या एका अपघाताने इशाऱ्याची किंमत दाखवून दिली. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाइन या गावाजवळ एक मालगाडी घसरली. तीत विषारी रसायनांच्या टाक्या होत्या आणि लोकांना घरे सोडावी लागली. कारण ठरले एकच तापलेले बेअरिंग. पहिल्या यंत्राने ते बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सियसने गरम असल्याचे नोंदवले, दुसऱ्याने ५७ अंशांनी आणि तिसऱ्याने १४० अंशांनी. पहिल्या दोन नोंदी धोक्याच्या ठरवलेल्या मर्यादेखाली होत्या, म्हणून गाडी चालत राहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रातले अंतर सुमारे ३२ किलोमीटर होते, म्हणजे साधारण नांदेडहून लोह्याला जाण्याइतके. एवढ्या अंतरात ‘जरा गरम आहे’चे ‘सगळे संपले’ झाले.

आपल्या रस्त्यांवर असे यंत्र नाही आणि झेंडा घेऊन उभा असलेला माणूसही नाही. फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्या एका दिवशी बेअरिंग ठीक असले तरी पुढच्या उन्हाळ्यात ते कोरडे पडू शकते. म्हणजे रोजची तपासणी करणारे दोनच जण उरतात, गाडीवरचा माणूस आणि गॅरेजमधला माणूस.

मुकद्दर म्हणून सोडून देता येत नाही

जळालेल्या गाडीजवळ आपल्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘नसीब’. दुःखात माणसाला सबुरीसाठी असा शब्द लागतो, त्याला कोणी हसू नये. पण काम करण्याच्या वेळी या शब्दाचा आडोसा घेणे दीनला धरून नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही गोष्ट आपण मदरशात, घरात, खुत्ब्यात ऐकत आलो आहोत. वाटेवरची त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचेही आपण ऐकतो. वाटेवरचा काटा उचलणे जर इबादतीसारखे असेल, तर तापलेल्या हबची गाडी भर वस्तीतून पुढे जाऊ न देणे हे त्याहून मोठे काम आहे.

मिस्त्रीच्या हातात येते ती गाडी अमानत असते. तिच्यासोबत ड्रायव्हरचा जीव, समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाचा जीव आणि रस्त्याकडेच्या शेतातले उभे पीकही त्याच्या हवाली झालेले असते. ‘या फेरीपुरते चालवून घे, पुढच्या खेपेला बघू’ असे मालक म्हणतो तेव्हा मिस्त्रीपुढे खरी परीक्षा उभी राहते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही. शेजारचा गॅरेजवाला तेच काम करून देईल, हेही खरे आहे. म्हणून एकट्या मिस्त्रीला उपदेश करून भागणार नाही. एका रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी मिळून ठरवले पाहिजे की फुटलेल्या सीलवर नुसते ग्रीस थापून आणि घासणाऱ्या चाकाचा ब्रेक बंद करून गाडी बाहेर सोडायची नाही.

मालकालाही सरसकट खलनायक करू नये. आपल्या भागातले बरेच मालक एक-दोन गाड्यांचे आहेत, हप्ता डोक्यावर आहे, भाडे वेळेवर मिळत नाही. पण हिशेब त्यांनी नीट मांडावा. सील, ग्रीस आणि दोन तासांची मजुरी यांची बेरीज एका टायरच्या किमतीइतकीही होत नाही. जळालेल्या ट्रेलरचा आणि त्यावरच्या मालाचा खर्च तर मांडायलाच नको.

सगळ्यात वाईट अवस्था क्लीनरची. ड्रायव्हरचे निदान लायसन्स असते. क्लीनर म्हणून गाडीवर गेलेल्या पोराचे नाव अनेकदा कुठेच नसते, ना हजेरीत, ना पगाराच्या नोंदीत. कामावर असताना मृत्यू किंवा अपंगत्व आले तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असल्याचे कायदा १९२३ पासून सांगतो. पण तो कामावर होता हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून आपल्या घरातला मुलगा गाडीवर जात असेल तर गाडीचा नंबर, मालकाचे नाव, विम्याच्या कागदाचा फोटो आणि पगाराची काहीतरी लेखी किंवा मोबाइलवरची नोंद घरी असलीच पाहिजे. पगार रोख न घेता खात्यात घ्या. हे अविश्वासाचे लक्षण नाही. देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहेच.

विश्रांतीचा प्रश्नही याला जोडलेला आहे. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यानेच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात किती तास गाडी चालते हे आपण जाणतो. झोपेला आलेला माणूस थांबल्यावर सहा चाके फिरून बघणार नाही, तो आडवा होईल. गाडी तपासायला लागणारी दहा मिनिटे हा कामाचाच वेळ आहे. मालकाने आणि ट्रान्सपोर्टवाल्याने तो धरूनच पोहोचण्याची वेळ ठरवली पाहिजे.

तरुणांनी काय करावे

गाडीवर असणाऱ्यांसाठी आधी. प्रत्येक थांब्यावर, जेवणाआधी, गाडीभोवती एक फेरी मारा. हाताची मागची बाजू हबजवळ न्या, टेकवू नका, आणि डाव्या-उजव्या बाजूची तुलना करा. सगळे सारखे गरम असतील तर एक वेळ ठीक. एकच हब इतरांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथे दोष आहे, तो शोधल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका. हबवर ग्रीसचे ताजे ओघळ दिसणे, लायनर जळाल्याचा वास येणे, आरशात एका चाकामागे निळसर धूर दिसणे, हवेचा काटा कारणाशिवाय खाली येणे हे सगळे इशारे आहेत. टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकण्याची जुन्या उस्तादांची पद्धत चांगलीच आहे, पण आतल्या टायरपर्यंत टॉमी गेली पाहिजे आणि अधूनमधून गेजही लावला पाहिजे. तापमान मोजायची गन विकत घ्यायची असेल तर गॅरेजच्या कामाची घ्या. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायची ती गन इथे चालत नाही, तिचे माप माणसाच्या तापापुरतेच असते.

आग लागलीच तर माणसे आधी बाहेर काढा. जमल्यास गाडी पेट्रोल पंप, वस्ती आणि इतर वाहनांपासून दूर उभी करा. ११२ किंवा १०१ ला फोन लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. केबिनमधल्या पावडरच्या सिलिंडरने सुरुवातीची ज्वाळा दबते, पण रबर आतून गरम असल्यामुळे पुन्हा पेटते. त्याला भरपूर पाणी लागते, बादलीभर पाण्याने काही होत नाही. तापलेल्या टायरसमोर कधीही उभे राहू नका, त्याची हवा सोडायला किंवा नट खोलायला जाऊ नका. तो बॉम्बसारखा फुटतो, आणि ज्वाळा विझल्यानंतरही फुटू शकतो. आणि बघ्यांनो, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका, अग्निशमन गाडीला वाट मोकळी करून द्या.

गाडीवर नसलेल्यांचेही काम आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी गॅरेजमध्ये जाऊन एक साधी नोंदवही सुरू करून द्यावी: गाडीचा नंबर, कोणत्या हबचे ग्रीस कधी बदलले, सील कधी बदलले, पुढची तारीख काय. तीच तारीख हबवर रंगाने लिहावी म्हणजे पुढच्या गावातल्या मिस्त्रीलाही कळेल. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात एखाद्या जाणत्या उस्तादाने हब खोलून दाखवला तर तो अर्धा तास अनेक भाषणांपेक्षा उपयोगी पडेल. त्याला फक्त आपल्या लोकांना बोलावू नका. नांदेडचे शीख ट्रान्सपोर्टर, तांड्यावरून येणारे बंजारा ड्रायव्हर, मार्केट यार्डातले हमाल, सगळ्यांना बोलवा. रस्ता सगळ्यांचा आहे.

प्रशासनाकडे मागण्या मोजक्या आणि ठाम असाव्यात. एमएच २४ आणि एमएच २६ च्या परिवहन कार्यालयांनी उन्हाळ्याच्या तोंडावर टोलनाक्यांवर हब आणि टायर तपासणीची शिबिरे घ्यावीत, आणि त्यात दंडाची भीती न घालता दोष दाखवून द्यावा. अग्निशमन गाड्या महापालिका आणि नगरपालिकांच्या असल्यामुळे दोन शहरांमधल्या पट्ट्यात मदत पोहोचायला वेळ लागतो, तिथे महामार्गावर पाण्याची आणि बंबाची सोय हवी. ट्रक टर्मिनस असेल तिथे पाणी, सावली आणि झोपायला जागा हवी. वर्षानुवर्षे हाताने शिकलेल्या मिस्त्रींच्या कौशल्याला प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी कर्ज मिळावे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे हा विषय अर्जांच्या गठ्ठ्यासह नेण्याचे काम तरुणांच्या संघटना करू शकतात.

आपल्या समाजात गॅरेजच्या कामाकडे ‘शिकला नाही म्हणून मिस्त्री झाला’ अशा नजरेने पाहिले जाते. हब खोलून, बेअरिंगच्या रंगावरून ते किती तापले होते हे सांगणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या ज्ञानाला वही, तारीख आणि नकार देण्याची हिंमत यांची जोड मिळाली पाहिजे. उन्हाळा दरवर्षी येणार आहे, सोयाबीन, तूर आणि कापूस भरलेल्या गाड्या दररोज निघणार आहेत. या आठवड्यात आपल्या घरातला किंवा गल्लीतला जो कोणी गाडीवर निघेल, त्याला एवढेच विचारा: मागच्या एक्सलचे ग्रीस शेवटचे कधी बदलले? उत्तर आठवत नसेल, तर गाडी निघण्याआधी हब खोलायला लावा.